तीन कॉम्प्युटर आणि एक खोपोली लोकल

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक शास्त्र घरोघरी पोचलं. सातबारा वाचण्याचं. एक्स्प्रेस वे झाला, मुंबईकरांना शनिवार-रविवारी हिरवं बघायची तलफ येऊ लागली, फार्महाऊसच्या पाट्या लागल्या आणि टपरीवर पेले विसळणारा पोऱ्यासुद्धा 'इतर हक्कात बोजा आहे का?' असं विचारू लागला. सामाईक क्षेत्र, पोटहिस्सा, फेरफार, वारसनोंद हे शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. म्हणून घरातल्या फोटोंचा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही तो याच शास्त्राने सोडवायला घेतला. लगेच एक गोष्ट ध्यानात आली. जमिनीचं बरं असतं. ती एका वेळी एकाच जागी असते.

आमचे फोटो तीन जागी आहेत. कर्जतला दहिवलीच्या घरात जिन्याखालच्या टेबलावर एक वयोवृद्ध डेस्कटॉप आहे. मुलाचा लॅपटॉप सकाळच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्री मुलाइतकाच दमून परत येतो. तिसरा खोपोलीला, मेहुण्याच्या दुकानात. त्यावर दिवसा जीएसटी असतो आणि रात्री पोरांचे गेम. शिवाय घरात फोन आहेत, पण ते या हिशेबात धरायचे नसतात. फोन म्हणजे कूळ. कागदावर नाव नाही, ताबा मात्र त्यांचाच.

हे हिस्से कोणी बसून पाडले नव्हते. बायको गणपतीला माहेरी गेली की कॅमेऱ्याचं कार्ड भरायचं, मग तिथले फोटो तिथल्याच कॉम्प्युटरवर उतरायचे. ट्रेकचे फोटो मुलाकडे. लग्नं, मुंजी, वास्तुशांती डेस्कटॉपवर, कारण मोठ्या कार्यांना मोठ्या मशीनचा मान. पुढे प्रत्येकाने दुसऱ्याकडची एकेक प्रत 'असू दे' म्हणून नेली. खरा घोळ या 'असू दे'तून झाला. एकाच बारशाचे फोटो तिन्ही मशीनवर आले, पण सारखे नाहीत. एकीकडे सगळे, एकीकडे निवडक, आणि एकीकडे असे की ज्यांतून एका नातेवाइकाला कापून काढलं आहे.

एका दिवाळीत मुलाने घोषणा केली. ''बाबा, एकच मास्टर लायब्ररी करायची. बाकीच्यांकडे तिचीच कॉपी.''

खोपोलीहून मेहुण्याने फोनवर लगेच विचारलं, ''भावोजी, मास्टर कोणाकडे राहणार?''

प्रश्न रास्त होता. आमच्या भागात असे प्रश्न दोन पिढ्या चालतात.

पहिलं भांडण नावांचं. कॅमेऱ्याला नाव ठेवण्याची अक्कल नसते, आकडा घालण्याची असते. डीएससी ०००१ पासून सुरुवात, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. ही चार आकडी पद्धत कॅमेरा बनवणाऱ्या जपान्यांनी १९९८ साली आपसांत ठरवून घेतली. त्यामुळे आमच्याकडच्या महडच्या वरदविनायकाच्या देवळाच्या फोटोचं आणि मेहुण्याने काढलेल्या त्याच्या नव्या शटरच्या फोटोचं नाव एकच. दोन्ही एका फोल्डरात घालायला गेलं की कॉम्प्युटर थबकतो आणि विचारतो, या नावाची फाईल आधीच आहे. जुनी काढून नवी ठेवू, नवी सोडून देऊ, की दोन्ही ठेवू? हाच प्रश्न तलाठ्याने विचारला असता तर आम्ही आधी वकील गाठला असता. मेहुणा स्वभावाने मवाळ. ''दोन्ही ठेवा. कोणाला दुखवायचं कशाला?'' त्यामुळे वरदविनायक आहेत, वरदविनायक कंसात एक आहेत, कंसात दोन आहेत आणि 'कॉपी ऑफ' वरदविनायकही आहेत. शटरही तितकीच.

माणसं नावं ठेवतात तेव्हा फार सुधारणा होते असं नाही. बायकोची फोल्डरं अशी : 'नवीन', 'नवीन २', 'सगळे', 'सगळे खरे'. मी 'कर्जत १', 'कर्जत २' अशी ठेवली होती. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञही भाताच्या जातींना कर्जत-३, कर्जत-७ अशीच नावं देतात. पण तिथलं नाव घेतलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे तो दाणा उभा राहतो, आणि कर्जत-३ च्या पोत्यात दुसरं काही निघालं तर चौकशी होते. आमच्या 'कर्जत ३' मध्ये गणपतीपुळे निघालं.

मुलाने मग सांगितलं की नावाच्या नादी लागूच नये, फोटोचा खरा उतारा त्याच्या पोटात असतो. एक्झिफ म्हणतात त्याला. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला, किती वाजता, किती उजेडात. फोनने काढला असेल आणि परवानगी दिली असेल तर कोणत्या अक्षांश-रेखांशावर. १९९५ साली ही पद्धत निघाली, आणि तेव्हापासून कॅमेऱ्यातला फोटो आपला सातबारा खिशात घेऊनच जन्माला येतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. वाटणीची निम्मी कटकट मिटली. पण उतारा आहे म्हणजे तो खरा आहे असं नव्हे, हे कर्जतकराला कोणी वेगळं सांगायला नको.

आमचा जुना कॅमेरा बॅटरी उतरली की वेळ विसरायचा आणि थेट १ जानेवारी २००४ ला जाऊन बसायचा. त्यामुळे आमच्या लायब्ररीत तो दिवस भलताच गजबजलेला आहे. त्या एका दिवशी सकाळी पुतण्याची मुंज लागली, दुपारी आंबे उतरवले, संध्याकाळी उल्हास नदीला पूर आला आणि रात्री होळी पेटली.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण एक दिवस वाडीतले दोन चुलतभाऊ दारात उभे राहिले. दोघांत बांधाचा वाद. थोरला म्हणाला, ''काका, तुमच्याकडे जुना फोटो असणार. आमचं कुंपण आंब्याच्या अलीकडे होतं, ते त्यात दिसेल.'' तासभर शोधलं आणि फोटो खरंच सापडला. पुढे आमची आत्या नव्या लुगड्यात उभी, हातात छत्री. मागे गुडघ्याएवढं भात, आणि त्याच्याही मागे आंबा आणि कुंपण, अगदी स्वच्छ. थोरला खूश. धाकट्याने स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख वाचली.

''एक जानेवारीला एवढं भात?''

''राजनाल्याचं पाणी,'' थोरला म्हणाला. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्याने आमच्या काही गावांना मिळतं आणि उन्हाळी भात होतं, हे खरं आहे.

''राजनाल्याच्या भातात छत्री कशाला लागते?''

यावर मला, मुलाला आणि कॉम्प्युटरला काहीच बोलता आलं नाही. आत्या हसत होती. शेवटी दोघांनी फोटोची एकेक प्रत मागून घेतली. वाद अजून चालू आहे.

तारखेचे आणखी प्रकार आहेत. पुतणी न्यू जर्सीहून गणपतीला आली, कॅमेऱ्याचं घड्याळ तिथलंच ठेवून. गणपतीच्या दिवसांत ते आपल्या साडेनऊ तास मागे असतं. एक्झिफच्या जुन्या नोंदीत वेळ असते, ती कोणत्या देशाची हे नसतं. दोघांचे फोटो एकत्र केले तर आमच्या कॅमेऱ्यात अकरा वाजता प्रतिष्ठापना आणि तिच्या कॅमेऱ्यात साडेदहालाच रात्रीची आरती. देव बसायच्या आधी मंत्रपुष्पांजली झाली. आई म्हणाली, ''अमेरिकेत सगळं लवकर उरकतात.''

आणि व्हॉट्सअ‍ॅप. त्यावरून साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि पोटातला उतारा गळून पडतो. मागे राहते ती फाईलच्या नावातली तारीख, पण ती फोटो पाठवल्याची, काढल्याची नव्हे. कोणीतरी अल्बममधल्या आजोबांच्या फोटोचा फोनने फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आमच्या मास्टर लायब्ररीत आजोबा गेल्या श्रावणात टोपी घालून बसले आहेत. ज्यांना पटत नसेल त्यांनी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, उतारा शाबूत राहतो. पण एवढा विचार करून सुप्रभात पाठवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चेहऱ्यांचं प्रकरण वेगळंच. पिकासा नावाचा प्रोग्राम आठवत असेल. २००४ साली तो गूगलने घेतला आणि फुकट वाटला. आपल्याकडे ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्याच्या घरी पिकासा अशी स्थिती होती. २०१६ साली तो बंद केला. चेहरे ओळखून नावं देण्याची त्याची सोय फार गोड होती. फक्त ती नावं एरवी फोटोत न लिहिता प्रोग्राम आपल्याच वहीत लिहून ठेवायचा. फोटो दुसऱ्या मशीनवर नेले की नावं बरेचदा मागेच राहायची. सगळ्याच प्रोग्रामांची कमीजास्त हीच रीत असते : फोटो तुमचे, वही त्यांची. आमच्याकडचा कोणता ते सांगत नाही, पण दहिवलीत ज्याला नाव, आडनाव आणि वाढदिवस होता, तो मी खोपोलीच्या मशीनवर 'अनोळखी व्यक्ती' झालो. सासुरवाडीला एवढं चालायचंच.

आमच्या प्रोग्रामला नाव विचारण्याची फार हौस. एकदा त्याने गौरीचा मुखवटा कापून समोर ठेवला आणि विचारलं, ही कोण? मुखवटा दर वर्षी तोच, साडी वेगळी. त्यामुळे गौर त्याच्या दृष्टीने घरातली सगळ्यांत नियमित फोटो काढून घेणारी बाई. बायकोने पदर सावरून 'ज्येष्ठा' असं टाइप केलं. त्यानंतर तो गौरीचे फोटो बरोबर ओळखू लागला, आणि एका लग्नातल्या नथ घातलेल्या मावशींनाही ज्येष्ठाच म्हणू लागला. ते आम्ही बदललं नाही. मावशींना कळलं तेव्हा त्यांनी त्या फोटोची प्रिंट मागितली.

आता वाहतूक. तिन्ही मशीनवरचं सगळं एकत्र आणायचं तर ते इकडून तिकडे न्यायला हवं. खोपोलीचा साठा चारशे जीबी. मेहुण्याच्या इंटरनेटचा वर चढवण्याचा वेग, जाहिरातीतला नव्हे, खरा, सेकंदाला दहा मेगाबिट. गुणाकार-भागाकार केला तर पावणेचार दिवस, तेही वीज एकदासुद्धा गेली नाही तर. दुसरा मार्ग कर्जत-खोपोली लोकल. पंधरा किलोमीटर; पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली; वेळ पंचवीस-एक मिनिटं. हार्ड डिस्क पिशवीत घालून कोणी खिडकीशी बसलं तर चारशे जीबी पंचवीस मिनिटांत, म्हणजे सेकंदाला दोन गिगाबिटहून जास्त. डिस्कवर चढवायला तास आणि उतरवायला तास धरला तरी लोकलच पुढे. हा रूळ १८५६ सालचा आहे. बोरघाटातला लोहमार्ग तेव्हा व्हायचा होता. गाडी खोपोलीपर्यंत यायची आणि पुढे खंडाळ्यापर्यंत माणसं पालखीतून, घोड्यावरून घाट चढायची. दीडशेहून अधिक वर्षांच्या त्या रुळावर आमची लायब्ररी नव्या फायबरला हरवते याचं मला फार कौतुक वाटतं. मेहुण्याला वाटत नाही, कारण गाडी चुकली की पुढची बराच वेळ नसते, आणि डिस्क घेऊन फलाटावर बसलेल्या माणसाचा वेग शून्य असतो.

डिस्क नेण्याआणण्यामागे आणखी एक कारण आहे. पीटर क्रोघ नावाच्या एका अमेरिकन छायाचित्रकाराने नियम सांगून ठेवला आहे : प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर, दूर. आमच्याकडे दूर म्हणजे खोपोली. मुलगा हसला. ''बाबा, तोच घाट, तोच पाऊस. हे कसलं दूर?''

इथे मात्र मी माझा भूगोल बाहेर काढला. पाऊस एकच, पण कर्जतला पडलेला उल्हासला मिळतो आणि बदलापूर-कल्याणकडे जातो. खोपोलीचा पाताळगंगेला मिळतो आणि धरमतरच्या खाडीकडे जातो. खोरीच दोन. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी काढावे लागले, तेव्हा पाणी होतं ते उल्हासचं. पाताळगंगेचं तर गणितच निराळं. घाटावर लोणावळ्याकडे टाटांची धरणं, त्यांचं पाणी मोठ्या नळांतून खोपोलीला उतरतं, तिथे १९१५ पासून वीज होते आणि मग ते पाणी पाताळगंगेत सुटतं. म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहते. तेव्हा क्रोघसाहेबांच्या नियमात खोपोली बसते. मुलगा म्हणाला, भूकंप? मी म्हटलं, जेवायला बस.

त्याचा भरवसा क्लाऊडवर. मे २०१५ मध्ये गूगल फोटोज निघालं, थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवा म्हणाले, आणि सगळ्या देशाने आपली बारशी तिकडे नेऊन टाकली. १ जून २०२१ पासून ते फुकट बंद झालं. आता पंधरा जीबीच्या वर गेलं की भाडं. भाड्याला माझी ना नाही. भीती वेगळी आहे. सगळी यंत्रं एकमेकांशी जुळवून ठेवली, सिंक केली, की एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडे पुसलं जातं. एका हिस्सेदाराने अंगठा उठवला आणि सगळ्यांची जमीन गेली, तसलाच मामला. कचरापेटीत साठ दिवस राहतं म्हणतात. आमच्याकडे पितृपक्षात पुसलेल्या फोटोची आठवण पुढच्या पितृपक्षात होते. सिंक वेगळं आणि जपून ठेवलेली प्रत वेगळी. तार काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कवर कोणाचा अंगठा चालत नाही.

कपाटाचंही ऐका. जून ते सप्टेंबर कर्जतला हवा नसते, ओलं फडकं असतं. जुन्या अल्बममधले फोटो बटर पेपरला चिकटतात, निगेटिव्हवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, सीडीच्या कडेने डाग चढतात. इथले जुने फोटोग्राफर कॅमेऱ्यांच्या कपाटात लहान बल्ब लावून ठेवत, तेवढ्या उबेने लेन्स वाचायची. आमच्या कपाटात तसाच बल्ब आहे. त्याच्या उजेडात एका हवाबंद डब्यात हार्ड डिस्क, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीवर बायकोच्या अक्षरात : 'फोटो. लोणचं नव्हे.' ही सूचना आईसाठी आहे.

शेवटचं काम दुहेरी प्रती काढायचं. फाईल अक्षर न् अक्षर सारखी आहे का हे कॉम्प्युटर क्षणात ओळखतो. नाव काही असो, आतल्या मजकुराचा तो एक लांबलचक आकडा काढतो आणि आकडे जुळले की जुळी. हे बिनचूक होतं आणि निम्मं ओझं त्यानेच उतरलं. पंचाईत पुढे असते, जिथे फोटो सारखे नाहीत, सारख्यासारखे आहेत. एकाच मोदकाचे बारा. हलकेच धूसर झालेले. डोळे मिटलेले. इथे प्रोग्राम शिफारस करतो की हे काढून टाका, आणि इथे आई मध्ये पडते.

एका रविवारी ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. एक फोटो आला : चुलतभाऊ, अर्धा फ्रेमबाहेर, हललेला, तोंडात घास. मी पुसायला गेलो.

''थांब. तो ठेव.''

''अगं, याच्यात काय आहे?''

''पडवी आहे.''

मागे जुन्या घराची पडवी होती, कौलांची, स्लॅब पडायच्या आधीची. खांबाला टांगलेला कंदील, कोनाड्यात हळदीकुंकवाचा करंडा, पलीकडे शेजारच्यांचा गोठा. चांगल्या आलेल्या फोटोंत पडवी नव्हती, कारण चांगले फोटो काढणाऱ्याने माणसं मधोमध घेऊन मागचं सगळं कापलं होतं. ''माणसं काय, रोज दिसतात,'' आई म्हणाली. मग ती बसली ती बसलीच. प्रत्येक फोटोत ती माणसांच्या मागे बघत होती. हा पत्रा कोणाचा, ही विहीर बुजवली ना, इथे शेवगा होता. प्रोग्रामने 'काढून टाका' म्हणून बाजूला ठेवलेल्या ढिगातून तिने बरेच फोटो परत आणले.

तिच्यामुळे मला दुसऱ्यांच्या फोटोंचा नाद लागला. आपल्या जागेचे फोटो बहुतेक वेळा आपल्याकडे नसतात, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे असतात. आमच्या बोरघाटाचंच बघा. घाटातल्या लोहमार्गाचं कंत्राट १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाने घेतलं आणि इथे आल्यावर थोड्याच आठवड्यांत तो वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडलं नाही. दोन अभियंत्यांना हाताशी धरून काम पुरं केलं आणि १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. ही बाई फोटोही काढायची. चाललेल्या कामाचे, पुलांचे, बोगद्यांचे तिचे फोटो अल्बममध्ये राहिले म्हणून आज आपल्याला तो घाट बांधला जाताना दिसतो. ज्यांनी तो कातळ फोडला त्या हजारो मजुरांच्या हाती त्यातली एक प्रतही लागली नसणार.

मुलाच्या लॅपटॉपवर 'इरशाळ' नावाचं एक फोल्डर आहे. चौक गावाजवळच्या नानिवलीहून इरशाळगडाची वाट चढते, मधल्या टप्प्यावर इरशाळवाडी लागायची आणि तिथून पुढे गडाच्या नेढ्याकडे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाकडे. फोल्डरात नेढ्यातले फोटो ढीगभर. पाय सोडून बसलेली पोरं, खाली मोरबे धरणाचं पाणी. वाडीचे म्हणाल तर मोजके, तेही चुकून आलेले. एकात कुडाचं घर, दाराशी कोंबड्या. एकात मधोमध ढग आणि डावीकडे कडेला अर्धी आलेली एक म्हातारी, हातात तांब्या. तिला कोणी घ्यायचं म्हणून घेतलेलं नाही. प्रोग्रामने हा फोटो पुसण्याच्या यादीत घातला होता. कारण दिलं होतं, विषय स्पष्ट नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. घरं गाडली गेली तेव्हा घरातलं जे होतं ते सगळंच गेलं. वाचलेल्या कुटुंबांचं चौकच्या बाजूला, खाली, पुनर्वसन झालं. त्यांच्या वाडीचे फोटो मात्र आजही आहेत, आणि पुष्कळ असले पाहिजेत. कारण तिच्या अंगणातून दर पावसाळ्यात मुंबई, पुणे, डोंबिवली, पनवेलची पोरं गडावर जात होती, आणि प्रत्येकाकडे कॅमेरा होता. ते शेकडो कॉम्प्युटरांवर पांगलेले आहेत, 'ट्रेक', 'मान्सून', 'नवीन २' अशा फोल्डरांत.

तुम्ही त्या पोरांपैकी असाल तर एक काम करा. जुलै २०२३ च्या आधीची आपली फोल्डरं उघडा. नावावर जाऊ नका, तारखेवरही फार जाऊ नका. फोनचे फोटो असतील तर नकाशात चौकच्या वर बोट ठेवून शोधा. नेढं, ढग, स्वतःचे चेहरे बाजूला ठेवा आणि मागे बघा. घर, दार, अंगण, माणूस, अर्धा का असेना, दिसला की तो फोटो काढून ठेवा. प्रोग्राम पुसा म्हणेल, ऐकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होऊ नका. मोठ्या प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने वर्ष लिहा आणि चौकला उतरून त्या माणसांच्या हातात द्या. प्रिंट मॅट कागदावर मागा. ग्लॉसी आमच्याकडच्या पावसात एकमेकांना चिकटतात.